रॉबिन्सन क्रूसो पँटो: नेपथ्य विभागाची कामाची वही

२ सप्टेंबर, सोमवार

पँटोच्या (नाताळच्या हंगामातल्या इंग्रजी विनोदी संगीत नाटकाच्या) संहितेचा पक्का खर्डा आला. नाट्यगृह उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं, व्हिक्टोरियन बांधणीचं. कमान ९.२ मीटर रुंद, रंगमंच ८.५ मीटर खोल, प्रेक्षकांकडे १:२४ उतार. वर पडदे टांगायचे वजनतोलाचे (उलट बाजूला वजनं भरून तोललेले) २८ बार, आणि अजून हाताने दोरी ओढून चालवायचे ४. पहिला प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, शेवटचा जानेवारीच्या पहिल्या रविवारी, बहुतेक दिवशी दोन.

भाड्याच्या गोदामांत सिंड्रेलाचा रथ सहज मिळतो. बुडणारं जहाज मिळत नाही, आणि मिळालंच तर या कमानीत बसत नाही. म्हणून जहाज इथेच बांधायचं, बाकीचे रंगवलेले पडदे शक्य तितके भाड्याने.

प्रवेशांचा क्रम: जाळीच्या पडद्यापुढे प्रस्तावना (जलपरी रंगमंचाच्या उजवीकडून, खलनायक डेव्ही जोन्स डावीकडून, हा संकेत मोडायचा नाही). मग हल बंदराचा धक्का, पडद्यापुढे गल्ली, जहाजाचा डेक आणि वादळ, समुद्राचा तळ. मध्यंतर. नंतर बेटाचा किनारा, पडद्यापुढे जंगल, झोपडीतलं स्वयंपाकघर, पुन्हा पडद्यापुढे जंगल, चाच्यांची गुहा, पडद्यापुढे प्रेक्षकांसोबतचं गाणं, शेवटी सगळ्यांची पायऱ्यांवरून एंट्री.

संहिता वाचताना विनोद मोजायचे नाहीत, पडद्यापुढची मिनिटं मोजायची. गल्लीचा प्रवेश खर्ड्यात अडीच मिनिटांचा आहे. त्या वेळात मागे धक्का उतरवून जहाज लागणार नाही. किमान पाच मिनिटं हवीत. लेखकाला कळवलं: डेम (पुरुषाने करायचं विनोदी बाईचं पात्र) आणि तिच्या धाकट्या मुलाचं सामान बांधण्याचं विनोदी काम इथे वाढवा.

९ सप्टेंबर, सोमवार

फ्रायडेबद्दल दिग्दर्शकासोबत बैठक. डिफोच्या कादंबरीतला फ्रायडे, म्हणजे बेटावर क्रूसोला मिळालेला चाकर, ओरिनोको नदीच्या मुखाजवळच्या मुलखातला मूळ रहिवासी, पण इंग्रजी रंगभूमीने त्याला दीर्घकाळ तोंडाला काळं फासून नाचवला. ते आता कोणी करत नाही, करूही नये. मात्र फक्त रंग पुसून भागत नाही, गुलामाचं नातं संहितेतही राहतं. नव्या खर्ड्यात फ्रायडे ही बेटाची वाटाडी आहे. नकाशा तिच्याकडे, क्रूसोला जगायला तीच शिकवते. नरभक्षकांचा प्रवेश काढून तिथे चाचे आले.

नेपथ्याला याचा थेट फायदा. मोठी कढई, शेकोटी आणि भाले गेले. चाच्यांना तोफ लागते, तीही हलची तोफच गुहेत आणून चालेल.

या गोष्टीला पँटोत ओढूनताणून बसवण्याची खोड जुनी आहे. १७८१ च्या जानेवारीत लंडनच्या ड्रुरी लेनला हा विषय पहिल्यांदा मोठ्या थाटात आला. शब्द नाटककार शेरिडनचे मानले जातात, देखावे चित्रकार द लूथरबर्गचे. पहिला भाग कादंबरीला धरून, पुढे सरळ हार्लेक्विन या विदूषकाचा गोंधळ. क्रूसोची खरी गोष्ट एकट्या माणसाची आहे आणि पँटोला मंचावर वीस माणसं लागतात, त्यामुळे दुसऱ्या अंकाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हापासून आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

जहाजाचा आराखडा. पहिल्या कल्पनेत जहाज मागून प्रेक्षकांच्या अंगावर येत होतं आणि मग वळत होतं. दोन्ही गोष्टी उताराने मारल्या.

हिशेब असा. लोखंडी सांगाडा आणि १८ मिमी प्लाय मिळून ३४० किलो, वर चार माणसांचे ३०० किलो, एकूण ६४०. १:२४ उतारावर वजनाचा चोविसावा भाग खाली ओढतो, म्हणजे सुमारे २७ किलो. उभं जहाज दोघं धरून ठेवतील. पण चाकांवर सुटलेलं जहाज वाद्यवृंदाच्या खड्ड्याच्या दिशेने थांबवणं वेगळं. त्यासाठी मागे विंच आणि ब्रेक दोन्ही लागतील.

वळवण्याची अडचण याहून वाईट. उतारावर डेक सपाट दिसावा म्हणून पुढचे पाय लांब ठेवतात. २.४ मीटर खोलीच्या ट्रकला (चाकांवरच्या मंचाला) हा फरक १०० मिमी. ट्रक १८० अंशांत फिरवला की लांब पाय मागे जातात, फरक नाहीसा होण्याऐवजी दुप्पट होतो आणि डेक २०० मिमीने पुढे झुकतो. उतारावर फिरणारा ट्रक भरपाईशिवायच बांधावा लागतो, आणि नटांनी उतारावरच नाचावं लागतं.

ठरलं ते: जहाज आडवं, ५.४ मीटर लांब, दोन अर्ध्यांत. पुढचा अर्धा उजव्या विंगेतून, मागचा डाव्या विंगेतून, मधोमध दोन कुलूपपट्ट्यांनी जोडणी. चाकं १०० मिमीची, न वळणारी, फक्त आडवी धावणारी. उताराची ओढ चाकांच्या बाजूवर येते, त्यामुळे पुढच्या कडेला लाकडी मार्गदर्शक पट्टी. फुटताना डावा अर्धा १.८ मीटर डाव्या विंगेकडे ओढायचा. फुटण्याची दिशाही उताराला आडवी, म्हणजे जहाज आपणहून फुटणार नाही.

शिडाचा मुख्य खांब ४.२ मीटरची ॲल्युमिनियम नळी, व्यास ७६ मिमी, भिंत ३ मिमी, वजन ८ किलोच्या आत. ३५ अंशांवर कोसळून थांबतो. थांबवणारी ५ मिमी तारदोरी खांबाच्या आतून नाही, बाहेरून घ्यायची. आतली तार झिजलेली दिसत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

सांगाडा उभा. (कादंबरीतला क्रूसो १६५९ साली याच तारखेला किनाऱ्याला लागतो.)

जहाजाच्या नाकाचा आडवा खांब लोखंडी पडद्याच्या रेषेपुढे ६०० मिमी येतो. हा पडदा आग लागल्यास प्रेक्षागृह वेगळं पाडतो. तो प्रत्येक प्रयोगात एकदा प्रेक्षकांसमोर खाली आणून दाखवायचा असतो, आणि त्याच्या वाटेत काहीच अडकून चालत नाही. खांबाला बिजागरी लावून तो वर मोडता केला. मध्यंतरात जहाज जागेवर असतानाच पडदा उतरतो, म्हणून हे काम टाळण्यासारखं नव्हतं.

जहाज हलवायचं का? डेक झुलवणारी यंत्रणा दोन अर्ध्यांत जुळवणं महाग आणि नाचणाऱ्यांना धोक्याचं. त्याऐवजी क्षितिज हलवायचं. हाताने ओढायच्या बारला तीन स्वतंत्र दोऱ्या असतात: जवळची, मधली, लांबची. मधली बांधून टाकायची, जवळची ३०० मिमी ओढायची, त्याच वेळी लांबची तेवढीच सोडायची. नऊ मीटर रुंदीत आकाशाचा पडदा जवळजवळ ४ अंश कलतो. वजनतोलाच्या बारला हे जमत नाही, तो सपाटच जातो. जुन्या दोऱ्या काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा एक प्रवेश बघावा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४०० मिमी वर ठेवली, नाहीतर कलताना एक कोपरा जमिनीवर गोळा होतो. ती फट १.१ मीटर उंच लाटांच्या रांगेमागे झाकली जाते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

लाटांच्या तीन रांगा, ६ मिमी प्लायमधून कापलेल्या. पुढची आणि मागची एका दिशेने, मधली उलट, ६०० मिमीची हालचाल. तिन्ही एकाच वेगाने चालवल्या की करवत चालल्यासारखं दिसतं. मागची सर्वांत सावकाश ठेवायची.

समुद्रतळाचा जाळीचा पडदा रंगवायला घेतला. जाळीवर जाड रंग चालत नाही. छिद्रं बुजली की मागून प्रकाश टाकूनही आरपार दिसत नाही. रंगद्रव्य पातळ, फवाऱ्याने, आणि वाळेपर्यंत पडदा खालून मोकळा. पुढून तिरका प्रकाश टाकला की तो भिंतीसारखा बंद, मागे प्रकाश वाढवून पुढचा काढला की विरतो. पुढचा प्रकाश समोरून सरळ मारला तर जाळीतून पलीकडे जातो आणि मागचं सगळं उघडं पडतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रेशमी समुद्र: १.४ मीटर पन्ह्याच्या पट्ट्या शिवून १२ × ९ मीटरचं कापड. चार चिरा, त्यातून पोहणाऱ्यांची डोकी बाहेर. चिरांची टोकं गोल कापून दुमडून शिवली, टोकदार चीर दुसऱ्याच आठवड्यात फाटत जाते.

अग्निरोधक द्रावण पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांचं आहे. कापड एकदा धुतलं की क्षार निघून जातात आणि पुन्हा द्रावण मारून, जाळून तपासणी करावी लागते. म्हणून हा समुद्र धुवायचा नाही, झटकायचा. द्रावण जास्त झालं तर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात, निळ्यावर ते लगेच दिसतात. प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा तारखेसह वेगळा ठेवला, तपासणीला येणारे तोच मागतात.

४ नोव्हेंबर, सोमवार

नृत्यातल्या मुलांच्या परवान्यांचे अर्ज गेले. स्थानिक परिषदेला किमान २१ दिवस आधी हवेत. बारा-बारा मुलांचे दोन संघ, आलटून पालटून. एका सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे कायद्याने जास्तीत जास्त १२ मुलं, म्हणूनच संघ बाराचा.

डेमचे नऊ पोशाख. मराठी वाचकांनी इथे बालगंधर्वांची परंपरा लावू नये. तिथे पुरुष विसरला जावा ही साधना, इथे मिश्या काढलेला धिप्पाड माणूस झग्यात आहे हाच विनोद. (उलट क्रूसो रिवाजाप्रमाणे मुलीने करायचा. या वेळी तसाच केला आहे.) सर्वांत वेगवान बदल ४० सेकंदांचा, डाव्या विंगेत, दोन मदतनीस. सगळी बंदं मागे वेल्क्रोची, आणि वेल्क्रोची खरखरीत बाजू नेहमी अंगापासून दूर, नाहीतर आतल्या पोशाखाची लेस धरून बसते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

स्वयंपाकघरातल्या फेसाची चाचणी. डबाबंद दाढीचा फेस घ्यायचा नाही: दिव्यांखाली बसतो, डोळ्यांना झोंबतो, खर्च वाढवतो. जुनी पद्धतच बरी. दाढीच्या साबणाच्या कांड्या किसून गरम पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून घुसळायचं. पाणी थोडं थोडं घालायचं. आधी जास्त पडलं तर फेस उभाच राहत नाही. खाण्याचा रंग अगदी चिमूटभर, लाल टाळायचा, डेमच्या पांढऱ्या एप्रनवरून तो जात नाही. पोशाखावरचा बाकी फेस साध्या पाण्याने निघतो, कारण तो साबणच आहे.

जमिनीवर पीव्हीसीचं कापड, पुढची कड गुंडाळून त्यात दोरीचा गोळा, म्हणजे उतारावरून फेस खड्ड्यात वाहत नाही. प्रवेश संपला की कडा आत दुमडत चौघांनी मागे ओढायचं, उरलेले थेंब कोरड्या टॉवेलने. पुढचा जंगलाचा प्रवेश सहा मिनिटांचा मागून घेतला आहे. त्यातली शेवटची दोन मिनिटं जमीन हाताने चाचपायला. गुहेत लगेच तलवारबाजी आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सेट चढवायला सुरुवात. आधी वरचे बार, मग जमीन, मग जहाज. बार खाली असताना आधी पडदा बांधायचा, मग वर मचाणावर वजनं भरायची. काढताना उलट: आधी वजनं, मग पडदा. हा क्रम मोडला की रिकामा बार सुसाट वर जातो. घाई असेल तेव्हा एकाच माणसाने क्रम मोठ्याने म्हणायचा, बाकीच्यांनी ऐकायचं.

मोठे पडदे तळाच्या नळीसह साधारण ५० किलोचे. जाळीच्या पडद्यामागच्याच बारवर आकाश टांगलं तर कलताना जाळीला घासतं. दोन बार मधे रिकामे सोडले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

समुद्रतळाची प्रकाशयोजना. अतिनील दिव्यांत जेलीफिश आणि मासे चमकतात, काळ्या मखमलीतले कळसूत्री कलाकार दिसत नाहीत. दिसू लागले ते धुण्याच्या पावडरीमुळे. तिच्यातली पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. काळे पोशाख फक्त चमक न वाढवणाऱ्या द्रवाने धुवायचे, आणि विंगेत चिकटपट्टीचा रोलर: कापसाचा एक धागाही लांबून दिसतो.

क्रूसो बुडतानाची युक्ती. नटी तारेवर एकाच उंचीवर पोहण्याचे हातवारे करते, तिच्यापुढून पाण्याच्या पृष्ठभागाचा रंगवलेला पडदा सेकंदाला सुमारे ३० सेंटीमीटर वर जातो. पाणी वर गेलं की माणूस खाली गेल्यासारखा वाटतो. उडवण्याची तार आणि पट्टा भाड्याच्या तज्ज्ञांकडेच, त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

२ डिसेंबर, सोमवार

टेक, म्हणजे तांत्रिक तालीम. अख्खी दुपार वादळात.

डेकवर क्षितिजाचा एक फेरा सात सेकंद. क्षितिजाची जी बाजू वर जाते, त्या बाजूला जहाज खचल्यासारखं दिसतं, म्हणून नटांनी तिकडेच घसरायचं. सहजप्रवृत्ती नेमकी उलट सांगते. दोघे जरी उलटीकडे झुकले तरी जहाज पुन्हा नुसतं नेपथ्य वाटतं. नृत्यदिग्दर्शिकेने दोऱ्या ओढणाऱ्यांनाच ताल मोजायला लावला आणि गाडी रुळावर आली.

वीज: चमक सेकंदाला चारपेक्षा जास्त नाही, अपस्माराच्या धोक्यामुळे. बाहेर फलक आहेच. वीज आधी, गडगडाट अर्ध्या ते दोन सेकंदांनी, आणि वादळ जवळ येईल तसं अंतर कमी. ध्वनिमुद्रित गडगडाटाच्या जोडीला टांगलेला पत्रा ठेवला. मराठी नाटकवाल्यांना पत्र्याची ताकद सांगायला नको. तो मुद्रित आवाजासारखा स्पीकरमधून येत नाही, इमारतीतून येतो. ब्रिस्टलच्या १७६६ च्या नाट्यगृहात तर छतावरच्या लाकडी पन्हाळीतून गोळे सोडून गडगडाट करायची सोय अजून आहे.

खांब पडण्याचा क्यू (इशारा): लाल दिवा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे सोडा. पण हिरवा लागला तरी खांबाचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी खांब पडायच्या जागेची खूण मोकळी आहे हे पाहूनच खीळ ओढतो. खुणेवर कोणी उभं असेल तर खांब पडत नाही. जहाज खांबाशिवायही फुटतं, प्रेक्षकांना काही कळत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

सुक्या बर्फाचं धुकं. उणे ७८.५ अंशांचा घन कार्बन डायॉक्साइड गरम पाण्यात सोडला की धुकं जमिनीलगत पसरतं, समुद्रतळाला सुंदर. पण वायू हवेपेक्षा जड, रंगमंच उताराचा, आणि सर्वांत खाली वादक. खड्ड्यात मोजयंत्र ठेवलं. नियम १५ मिनिटांसाठी १.५ टक्के आणि आठ तासांच्या सरासरीला ०.५ टक्के. दहा किलोच्या मात्रेत बासरीवाल्याच्या खुर्चीजवळ आकडा झपाट्याने चढला. मात्रा पाच किलोवर आणली, लाटांच्या पुढच्या रांगेखालची फट फोमने बंद केली, खड्ड्यातला हवा ओढणारा पंखा मध्यंतर संपेपर्यंत चालू. धुकं दिसेनासं झालं म्हणजे वायू गेला असं नाही, म्हणून पंखा नजरेवर बंद करायचा नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

रंगीत तालीम. शेवटच्या दोन यमकबद्ध ओळी पहिल्या प्रयोगापर्यंत म्हणायच्या नाहीत असा रिवाज. कागदी तुकड्यांची तोफ मात्र त्याच ओळींवर सुटते. त्यामुळे तालमीत दिग्दर्शकाने आकडे मोजले आणि आठाला क्यू दिला. कागद अग्निरोधक आणि कोरडा हवा. दमट कागद गठ्ठ्याने पडतो.

पडद्यापुढच्या जंगलात भूत मागे येतं आणि मुलं «तुमच्या मागे!» म्हणून ओरडतात. तो प्रवेश रिकाम्या प्रेक्षागृहात मोजून उपयोग नाही.

११ डिसेंबर, बुधवार

शाळांचे प्रयोग: सकाळी १०.१५ आणि दुपारी १.३०. खेळ दोन तास वीस मिनिटांचा, शाळकरी मुलांच्या आरड्याओरड्याने आठ मिनिटं वाढतो. १२.४३ ला संपतो, १ वाजता दारं उघडतात. सतरा मिनिटांत सगळं जागेवर शक्य नाही. म्हणून लोखंडी पडदा खाली आणून त्यामागे काम. आधी जे प्रेक्षकांच्या बाजूला दिसतं ते (कागदाचे तुकडे झाडणं), मग रेशीम घडी करणं, जहाजाचे अर्धे विंगेत, खांब उभा करून खीळ, दोन माणसांची तपासणी. फेसाचं कापड धुवायला वेळच नसतो, दुसरं कोरडं कापड तयार ठेवलं आहे.

गोळ्या-चॉकलेटं आता प्रेक्षकांत फेकत नाहीत, मदतनीस जाळ्यांतून वाटतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

झीज. चाकांचे बोल्ट ढिले, सर्व ठिकाणी लॉक-नट बदलले. रेशमाची एक चीर वाढली, आतून पट्टी शिवली. डेमच्या वेल्क्रोत इतका केसाळ कचरा की धरेनाच, दातेरी ब्रशने साफ. माइकच्या पाठीवरच्या पेट्यांत घाम जातो, वादळ आणि नाच एकाच अंकात असल्याने क्रूसोची पेटी सर्वाधिक. आता ती पिशवीत घालून पाठीऐवजी कमरेच्या बाजूला. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या, जुन्या तालीम खोलीतल्या घड्याळांना.

२६ डिसेंबर, गुरुवार

बॉक्सिंग डे, नाताळचा दुसरा दिवस. दोन्ही प्रयोग भरलेले. दोऱ्या ओढणाऱ्यांपैकी एक आजारी, बदली माणसाला सकाळी अर्धा तास क्षितिजाचा सराव. दोरीवर ३०० मिमीच्या खुणा रंगीत चिकटपट्टीने, अंधारात बोटांना लागतील अशा जाड.

५ जानेवारी, रविवार

शेवटच्या प्रयोगानंतर रातोरात उतरवणं. क्रम: वजनं, पडदे, मग जहाज. भाड्याचे पडदे रंगाची बाजू आत ठेवून घडी, वर प्रवेशाचं नाव. जाळी घडी करायची नाही, नळीवर गुंडाळायची. ट्रकचे दोन्ही सांगाडे ठेवले, प्लायची फळी आणि लाटा मोडल्या. मुख्य खांब ठेवला, तारदोरी कापून टाकली जेणेकरून पुढे कोणी तीच वापरणार नाही. रेशीम कोरडं, क्षारांसह, वर चिठ्ठी: «धुतल्यास पुन्हा द्रावण, पुन्हा चाचणी.» पुढच्या लांब पायांवर, वाढीव उंची १०० मिमी, असं रंगाने लिहिलं. पुढच्या नाट्यगृहाचा उतार वेगळा असेल तर ते पाय कापावे लागतील.